ओरडून निरोप पोचतो, गप्पा नाही

१. ‘नको तेव्हा बरोबर ऐकू येतं!’

घरातल्या वडीलधाऱ्यांना कमी ऐकू यायला लागलं, की पहिला संशय कानांवर जात नाही, स्वभावावर जातो. ‘चार हाका मारल्या तरी ढिम्म हलले नाहीत, आणि तो पेन्शनर मित्र आला की गॅलरीत तासभर गप्पा! त्या बऱ्या ऐकू येतात?’ सुनेचा हा प्रश्न गैर नाही. दोन्ही गोष्टी तिनं स्वतः पाहिलेल्या असतात. तिकडे सासऱ्यांचीही एक तक्रार असते : ‘हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आवाज मला नीट येतो, पण काय बोलतात ते कळत नाही.’

दोघंही खरंच सांगत असतात. सासरे सोंग करत नसतात आणि सूनबाई पुटपुटत नसतात. आवाज ऐकू येणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या प्रकरणात एकच प्रश्न धरून पुढे जाऊ : आवाज येतो, मग शब्द का कळत नाहीत? उत्तर कळलं की घरात काय बदलायला हवं, तेही आपोआप कळेल.

बोलायला शिकल्यानंतर, बहुधा वय वाढल्यावर ज्यांचं ऐकणं कमी झालं, अशा माणसांविषयी आपण इथे बोलतो आहोत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, अशांचे प्रश्न वेगळे आहेत. आपला विषय तरीही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं, आणि त्यांतल्या सुमारे ४३ कोटींना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे.

२. कानातली पेटी

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या नळीतून आत जाते, पडद्यावर आदळते, पडद्यामागची तीन चिमुकली हाडं ती पुढे ढकलतात आणि ती अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत पोचते. या नळीत पाणी भरलेलं असतं, आणि तिच्या लांबीभर सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी ओळीनं बसलेल्या असतात. थरथरीचं विजेच्या संदेशात रूपांतर करून तो मेंदूकडे पाठवायचा, हे त्यांचं काम.

बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. पहिला, रोमपेशींच्या अलीकडे : नळीत मळ घट्ट बसला, पडद्याला भोक पडलं, कान वाहू लागला, किंवा हाडांची साखळी ताठर झाली. हे दोष औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं पुष्कळदा दुरुस्त होतात. नुसता मळ काढल्यावर कान ‘उघडला’, असा अनुभव अनेकांना येतो. दुसरा बिघाड खुद्द रोमपेशींचा किंवा त्यांच्यापुढच्या नसेचा. उतारवयातलं कमी ऐकू येणं बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचं असतं. माणसाच्या कानातली रोमपेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी येत नाही.

शिवाय या पेशी सरसकट मरत नाहीत. बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखी त्यांची मांडणी सुरांच्या क्रमानं असते : एका टोकाला खर्ज, दुसऱ्या टोकाला तारसप्तक. वयानं आणि गोंगाटानं आधी झिजतात त्या वरच्या सुरांच्या पेशी. पेटीच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या झाल्या आहेत, अशी कल्पना करा. आता भाता कितीही जोरात मारला, तरी डावीकडचे सूर आणखी दणदणीत होतील. उजवीकडच्या पट्ट्या मुक्याच राहतील. कमी ऐकू येणाऱ्यासमोर आपण ओरडतो, तेव्हा नेमका भाता जोरात मारत असतो.

३. चहा, सहा की दहा?

मुक्या पट्ट्यांवर आपल्या भाषेतलं काय काय असतं? आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार असतात; ते शाबूत राहतात. स, श, च, फ, थ यांच्या उच्चारात हवा घासल्याचा जो बारीक आवाज येतो, तो वरच्या पट्टीतला आणि मुळातच क्षीण असतो. तो आधी हरवतो. आवाजाचा जोर स्वरांत असतो आणि शब्दाची ओळख बरीचशी व्यंजनांत. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. लहान मुलांचं बोलणं तर पट्टीनंही वरचं आणि भरभर. म्हणून नातवंडांचं बोलणं विशेष अवघड जातं.

उदाहरण घेऊ. ‘चहा’, ‘सहा’ आणि ‘दहा’ या तिन्हींत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. ते पुसट झालं की कानात उरतं ‘–हा’. मग ‘दहा वाजता दवाखान्यात जायचंय’ हे ‘सहा वाजता’ होतं आणि माणूस भल्या पहाटे तयार होऊन बसतो. फोनवर नंबर घेताना ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ यांचा असाच घोळ होतो.

मग मेंदू काय करतो? अंदाज. जेवताना सून विचारते, ‘भात वाढू?’ कानाला मिळतं ‘–ात’. हा शब्द हात, सात, रात, जात, पात, भात यांपैकी काहीही असू शकतो. पण सून समोर आहे आणि शब्दाच्या सुरुवातीला तिचे ओठ मिटलेले दिसले. त्यासरशी हात, सात, रात, जात बाद. ओठ मिटून होणारे उच्चार प, फ, ब, भ, म. राहिले पात आणि भात. पुढ्यात ताट आहे, म्हणजे भात! हे सगळं क्षणार्धात होतं. कानानं एक धागा दिला, डोळ्यांनी यादी लहान केली आणि प्रसंगानं निकाल लावला.

डोळ्यांची ही मदत मोठी असली तरी अपुरी असते. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. क, ग आणि ह घशाकडे उच्चारले जात असल्यामुळे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे नुसत्या ओठांवरून ‘काय’ आणि ‘गाय’ वेगळे काढता येत नाहीत. २०२० साली सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले, तेव्हा ओठांचा आपण किती आधार घेत होतो हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं. त्याआधी आपल्याला कमी ऐकू येतं, याचीच त्यांना कल्पना नव्हती.

४. ‘ओरडतोस कशाला?’

आणखी एक कोडं घरोघरी असतं. साध्या आवाजात बोललं तर ‘आँ?’ आणि जरा आवाज चढवला तर ‘ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही!’ यातही तऱ्हेवाईकपणा नाही.

त्यासाठी डेसिबल हे एकक समजून घ्यावं लागेल. आवाजाची पातळी त्यात मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल, मीटरभरावरून केलेलं नेहमीचं बोलणं ६०. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. चांगल्या कानाला शून्याच्या आसपासचे आवाजही लागतात आणि शंभरच्या आसपास असह्य वाटू लागतं. म्हणजे त्याच्याकडे शंभर डेसिबलचा ऐसपैस पट्टा आहे.

रोमपेशींतला एक मोठा गट हळू आवाज वाढवून देण्याचं काम करतो. तो गट झिजला की हळू आवाज नाहीसे होतात. मोठ्या आवाजांना मात्र त्याची गरजच नसते. समजा, आता ५५ डेसिबलपासून पुढचंच ऐकू येतं. पण असह्य होण्याची मर्यादा शंभरपाशीच आहे. पट्टा उरला ४५ डेसिबलचा. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘कानठळ्या बसतात’ या दोन टोकांतलं अंतर निम्म्याहून कमी झालं. म्हणून मोठ्यानं बोलायची गरज असते ती थोडीशीच. जास्त गरज असते स्पष्ट बोलण्याची.

५. तपासणीचा कागद वाचताना

ऐकण्याची तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री. ती दुखत नाही. आवाजबंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, वेगवेगळ्या पट्टीचे ‘टूं’ असे सूर ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगतात. हाती येतो तो आलेख, ऑडिओग्राम. डावीकडून उजवीकडे सुरांची पट्टी चढत जाते, बहुधा २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. वरून खाली डेसिबल वाढतात. म्हणजे रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल वर्तुळांनी दाखवतात, डावा निळ्या फुल्यांनी.

एका कल्पित आजोबांच्या चांगल्या कानाचे आकडे पाहू :

५०० हर्ट्‌झ : २५ डेसिबल
१००० हर्ट्‌झ : ३० डेसिबल
२००० हर्ट्‌झ : ५० डेसिबल
४००० हर्ट्‌झ : ६५ डेसिबल

चारांची बेरीज १७०, सरासरी ४२.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३५ ते ५० म्हणजे ‘मध्यम’. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका, रेघेचा उतार पाहा. खालच्या सुरांना हा कान बराच धड आहे, वरच्या सुरांना पार कमजोर. हाक कानावर येते, ‘स’ येत नाही. सासऱ्यांच्या तक्रारीचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

इथे दोन गैरसमज दूर करू. ‘माझा कान ४० टक्के गेला’ असं लोक म्हणतात. पण डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. दुसरं, सरकारी दाखल्याची पात्रता आणि प्रत्यक्ष गरज यांतही फरक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार, बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांचा ऱ्हास ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘ऐकू कमी येणारी’ आणि ७० असेल तर ‘बहिरी’ व्यक्ती, अशी व्याख्या आहे. वरच्या आजोबांना तो दाखला मिळणार नाही. मदतीची गरज मात्र आजच आहे. ऱ्हास या व्याख्येत बसत असेल, तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून सवलतींसाठी अर्ज करता येतो. तपासणी आणि सल्ल्यासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही सोय असते.

आता वाट न पाहण्याच्या गोष्टी. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं एकदम गेलं, तर ‘सर्दीनं दडे बसले असतील’ म्हणून घरी बसू नका. ती तातडीची वेळ असते; पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त. एकाच कानाचं ऐकणं कमी होत जाणं, कान वाहणं, गरगरणं, या लक्षणांसाठीही डॉक्टरांकडेच जायला हवं. कानात कोमट तेल, काडेपेटीची काडी, आकडा यांपैकी काहीही घालायचं नाही. मळ काढायचा तो डॉक्टरांनी.

६. मशीन काय करतं, काय करत नाही

मशीन लावलं की कान पूर्वीसारखे होतील, ही अपेक्षा चुकीची. आणि मशीनचा काही उपयोग नसतो, हा निष्कर्षही चुकीचा. श्रवणयंत्र मेलेल्या रोमपेशी जिवंत करत नाही. उरलेल्या पेशींपर्यंत आवाज पोचेल असं काम ते करतं. आजची डिजिटल यंत्रं सगळा आवाज सारखा वाढवत नाहीत. ऑडिओग्राम पाहून ज्या पट्टीत कमतरता आहे तिथे जास्त वाढवतात, हळू आवाज अधिक चढवतात आणि मोठे आवाज आवरतात. म्हणजे चौथ्या विभागातल्या अरुंद पट्ट्यात जग बसवायचा प्रयत्न करतात. म्हणूनच तपासणी न करता घेतलेलं किंवा दुसऱ्या कुणासाठी बसवलेलं यंत्र आपल्या कामाचं नसतं.

पहिले दिवस त्रासाचे असतात. पंख्याची घरघर, नळाची धार, वर्तमानपत्राची पानं, स्वतःच्याच चपलांचा आवाज, सगळं एकदम अंगावर येतं. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षं न मिळालेले आवाज मेंदूला आता पुन्हा चाळायला शिकायचे असतात, आणि त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पहिल्याच दिवशी मशीन लावून लग्नाला गेलेला माणूस बहुधा ते काढून खिशात घालतो आणि पुढे ते कपाटाच्या ड्रॉवरमध्ये जातं. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलून करावी. तास हळूहळू वाढवावेत. शिट्टी वाजत असेल, टोचत असेल, भांड्यांचा आवाज सहन होत नसेल, तर तसं ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) सांगून यंत्र पुन्हा जुळवून घ्यावं. अशा दोन-चार फेऱ्या गृहीतच धरा. दोन्ही कान कमजोर असतील तर दोन यंत्रांचा फायदा जास्त. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो.

निगा साधी आहे. आंघोळीपूर्वी आणि डोक्याला तेल लावण्यापूर्वी यंत्र काढायचं. पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत रात्री ते ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. बटणासारखे सेल हवा लागली की सुरू होतात. वरची रंगीत चिकटपट्टी काढली की मिनिटभर थांबून सेल बसवावा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. घरात लहान मूल असेल तर हे सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर जीवावर बेतू शकतं.

यंत्रानंही भागत नसेल इतका ऱ्हास असेल, तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. त्यात रोमपेशींना वगळून थेट नसेला विजेचे संदेश दिले जातात. ही शस्त्रक्रिया फक्त लहान मुलांसाठी असते, हा समज खरा नाही. मोठ्या माणसांवरही ती होते.

७. बोलणाऱ्याचा वाटा

संध्याकाळचं घर. आजोबा खुर्चीत, समोर टीव्हीवर मालिका. सून ओट्यापाशी, पाठ बाहेरच्या खोलीकडे. फोडणी तडतडतेय, वर एक्झॉस्ट फॅन. तिथूनच ती म्हणते, ‘बाबा, उद्या सहाला गाडी येणारे, बॅग भरून ठेवा.’ उत्तर येत नाही.

या एका वाक्यासमोर किती अडथळे होते, मोजू. अंतर : मीटरभरावर ६० डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेत दुप्पट अंतराला सुमारे सहा डेसिबलनं उतरतो, दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८. घरात भिंतींवरून थोडा आवाज परत येतो, पण तो शब्द आणखी पुसट करतो. पाठ : ओठ दिसत नाहीत, आवाज उलट्या दिशेला. गोंगाट : टीव्ही, पंखा, फोडणी. अचानकपणा : लक्ष मालिकेत असताना वाक्य सुरू झालं, ‘बाबा’ कळेपर्यंत ‘उद्या सहाला’ निघून गेलं. यांतला एकही अडथळा आजोबांच्या कानात नाही, आणि एकही मशीननं पूर्ण जात नाही. काढायचा तो बोलणाऱ्यानंच.

सूनबाईनं गॅस बारीक करून बाहेर यावं. आधी लक्ष वेधावं, नुसतं ‘बाबा’ म्हणून किंवा खांद्याला हात लावून. टीव्हीचा आवाज बंद करावा. हातभर-दोन हातांवर, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसावं. खिडकीला पाठ केली की चेहरा काळोखात जातो. मग आधी विषय सांगावा, नंतर तपशील : ‘गावाला जायचं सांगते. गाडी पहाटे येणार. सहा वाजता, सूर्योदयाच्या सुमाराला. बॅग आजच भरू.’ वेग थोडा कमी, शब्दांत किंचित अंतर, आवाज नेहमीपेक्षा जरासाच मोठा. तोंड वाकडंतिकडं करून बोलू नये. त्यानं ओठ वाचणं उलट कठीण होतं. तोंडात पान किंवा घास असताना तर नाहीच.

न कळल्यास तेच वाक्य तिसऱ्यांदा, आणखी चढ्या आवाजात म्हणण्यात अर्थ नाही. जो शब्द दोनदा हरवला तो तिसऱ्यांदाही हरवेल. शब्द बदला : ‘सहा’ लागत नसेल तर बोटं दाखवा, कागदावर लिहा. शेवटी, ‘कळलं ना?’ असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर नेहमीच ‘हो’ येतं. ‘मग गजर किती वाजताचा लावू?’ असं विचारा. काय पोचलं ते लगेच कळतं. औषधांच्या बाबतीत तर ही सवय हवीच. ‘अर्धी गोळी रात्री’ आणि ‘दोन गोळ्या रात्री’ यांची गल्लत परवडणारी नाही.

आता पेन्शनर मित्राचं कोडं सोडवू. तो पुरुषी, खालच्या पट्टीच्या आवाजात बोलतो. समोरासमोर, गॅलरीच्या उजेडात बसतो. टीव्ही आत. एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि विषय ठरलेले : पेन्शन, गुडघे, जुनी कचेरी. अंदाज बांधायला सगळी सामग्री हाताशी असते. म्हणून त्या गप्पा ऐकू येतात.

कमी ऐकणाऱ्याचाही वाटा आहे, आणि तो सोपा नाही. ‘मला कमी ऐकू येतं, जरा समोर येऊन बोला’ हे वाक्य न लाजता म्हणता आलं पाहिजे. नुसतं ‘काय?’ विचारण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारावं : ‘गाडी येणार हे कळलं, किती वाजता?’ समोरच्याला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही आणि आपण लक्ष देतोय हेही त्याला दिसतं. न कळताच ‘हो, हो’ करून मान डोलावणं ही सगळ्यांत महाग पडणारी सवय.

८. उंबऱ्याबाहेर

मंगल कार्यालयात स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसावं. मागून येणारा गोंगाट कमी होतो. दहा जणांच्या घोळक्यात उभं राहण्याऐवजी एकेकाला शेजारी बोलावून घ्यावं. बँकेच्या काचेआडून बोलणाऱ्याला सरळ कागद पुढे करावा. दवाखान्यात डॉक्टर सोबतच्या मुलाशी बोलू लागले, तर मुलानं म्हणावं, ‘डॉक्टर, बाबांनाच सांगा, त्यांच्याकडे बघून.’ आजार त्यांचा आहे.

फोनवर ओठ दिसत नाहीत. व्हिडिओ कॉलवर दिसतात. नातवंडं पुण्यात असोत की परदेशात, व्हिडिओ कॉल हा त्यांच्याशी बोलायचा सोपा मार्ग आहे. बोललेलं लगेच मराठीत लिहून दाखवणारी अ‍ॅप्स आता साध्या फोनवर चालतात. थोड्या चुका होतात, पण ‘सहा’ की ‘दहा’ याचा उलगडा होतो. दाराची बेल वाजली की दिवा लागण्याची सोय, उशीखाली थरथरणारा गजर, टीव्हीवर उपशीर्षकं, यांतली एखादी गोष्टही रोजचं बरंच ओझं हलकं करते.

उरलेलं ऐकणं जपायचंही आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणी सुचवली जाणारी मर्यादा. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचताना ही पंधरा मिनिटं पहिल्या चौकातच संपतात. हे आजोबांपेक्षा नातवानं जास्त ध्यानात ठेवावं.

९. निरोप आणि गप्पा

ऐकणं कमी झालं की नात्यांमधलं काय जातं? निरोप जात नाहीत. ‘जेवायला चला’, ‘गोळी घ्या’, ‘नळ बंद करा’ हे ओरडून सांगता येतं, आणि लोक सांगतात. जातात त्या गप्पा. शेजारच्या नव्या सुनेविषयी हळूच केलेली टिप्पणी, जेवताना मारलेली कोपरखळी, रात्री दिवा मालवल्यावर नवरा-बायकोत होणारं चार वाक्यांचं बोलणं. हे कुणी ओरडून सांगत नाही. ओरडून सांगितलं तर त्यातली मजाही जाते. मग घरातलं संभाषण सूचनांपुरतं उरतं. चाळीस वर्षांचा संसार केलेली बायको नवऱ्याची दुभाषी होते. बाहेरचे सगळे तिच्याशीच बोलतात. तिचा आवाज कायम चढलेला, म्हणून ती चिडलेली वाटते. तो गप्प बसतो, म्हणून तुसडा वाटतो.

दिवसभर तुटक शब्दांवरून अंदाज बांधणं हे कष्टाचं काम आहे. पाहुणे गेल्यावर आजोबा आडवे होतात, ते आळसानं नव्हे. काही जण थकवा टाळायला समारंभच टाळतात आणि हळूहळू एकटे पडतात. संगीतकार बीथोव्हेननं १८०२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, भावांना उद्देशून एक पत्र लिहून ठेवलं. लोक मला हेकट आणि माणूसघाणा समजतात, पण त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नाही. ‘मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, अशा आशयाची कबुली त्यात आहे. पुढे १८१८ पासून त्याच्याकडे येणारी माणसं वहीत लिहून त्याच्याशी बोलत. त्यांतल्या बऱ्याच वह्या आज उपलब्ध आहेत. ऐकू येणं जवळजवळ संपल्यावरही त्याच्या घरी गप्पा चालू होत्या, हे त्यांवरून दिसतं.

स्मृतिभ्रंशाशीही याचा संबंध जोडला जातो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ साली टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत उपचार न केलेलं कमी ऐकू येणं हा एक आहे. याचा अर्थ कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा नाही. अमेरिकेतल्या एका तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. श्रवणयंत्रानं सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण मुळात ज्यांना धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्यानं मंदावली. यंत्र लवकर लावण्याला हे पुरेसं कारण आहे, घाबरण्याला नाही.

घरात कितीही सोयी केल्या, तरी एक वाक्य त्या सगळ्यांवर पाणी फिरवतं : ‘जाऊ दे, काही नाही.’ सगळे हसले, आजोबांनी विचारलं ‘काय झालं?’, आणि उत्तर मिळालं ‘काही नाही’. विनोद छोटासाच असतो, पुन्हा सांगायचा कंटाळा येतो, हे खरं. पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते इतकंच, की आपल्यासाठी दहा सेकंद खर्च करणं कुणाला परवडत नाही. असं चार-सहा वेळा झालं की तो विचारणं सोडतो.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. साठी ओलांडलेल्या प्रत्येकानं रक्तदाब आणि साखर तपासतो तशी कानांचीही तपासणी करून घ्यावी; चष्म्याची लाज वाटत नाही, तर मशीनचीही वाटू देऊ नये. आणि ज्यांना नीट ऐकू येतं त्यांनी ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करावं. विनोद लहान असो की मोठा, समोर बसून, वेगळ्या शब्दांत, पुन्हा सांगावा.